दहा लेकरांच्या बापाने घर सोडले

डिसेंबर महिना उजाडला की संत निकोलस हे नाव आपल्या मुलांच्याही तोंडी येते. ते मायराचे बिशप, ज्यांच्यावरून नाताळबाबाची कल्पना निघाली. आज आम्ही ज्यांच्याविषयी लिहिणार आहोत ते संत निकोलस वेगळे. ते बिशप नव्हते, धर्मगुरू नव्हते, त्यांना लिहिता-वाचताही येत नव्हते. ते स्वित्झर्लंडमधील एक शेतकरी, दहा मुलांचे बाप. वयाच्या पन्नासाव्या वर्षी त्यांनी घरदार, शेतीवाडी, बायको-मुले सोडली आणि वीस वर्षे एका दरीत एकट्याने काढली. आज ते स्वित्झर्लंडचे आश्रयदाते संत आहेत. तिथले लोक प्रेमाने त्यांना ब्रदर क्लाऊस म्हणतात आणि २५ सप्टेंबरला त्यांचा सण साजरा करतात.

संतांची चरित्रे वाचताना आपण बहुधा माना डोलावतो. ह्या चरित्रापाशी मात्र आम्ही अडखळलो. बायको आणि दूधपिते मूल सोडून निघालेल्या माणसाला संत का म्हणायचे? आपल्या धर्मग्रामातील एखाद्या बापाने उद्या असे केले, तर आपण त्याच्या घरी जाऊन त्याला चार शब्द सुनावणार नाही का? ही शंका मनात ठेवूनच आम्ही ही कथा सांगणार आहोत.

निकोलसचा जन्म १४१७ साली फ्ल्यूएली ह्या वाडीत झाला. साक्सेल्न गावाच्या वरच्या अंगाला, डोंगरउतारावर ही वाडी आहे. आजच्या ओबवाल्डन परगण्यातला हा भाग. कुराणे, गाईगुरे, लाकडी घरे. आईवडील खाऊन-पिऊन सुखी शेतकरी होते. मुलगा लहानपणापासून थोडा एकटा राहणारा. शेतातून परतताना सोबत्यांच्या मागे राहून तो कुठेतरी आडोशाला प्रार्थना करी, दर शुक्रवारी उपवास करी. हे त्याच्या बालमित्रांनीच पुढे सांगितले आहे.

त्या काळी स्विस परगण्यांच्या आपापसात आणि शेजाऱ्यांशी सतत लढाया होत. निकोलसही सैन्यात गेला, अधिकारी झाला. १४६० साली थुरगाऊच्या मोहिमेत शत्रूचे सैनिक एका धर्मभगिनींच्या मठात लपले असताना मठाला आग लावू नये म्हणून त्याने आपल्या माणसांना थोपवले, अशी परंपरा आहे. युद्धाविषयी त्याला कधी प्रेम वाटले नाही, पण बोलावणे आले तेव्हा तो गेला.

१४४६च्या सुमारास त्याचे लग्न डोरोथिया वीस हिच्याशी झाले. तो तिशीला टेकलेला, ती जेमतेम सोळा वर्षांची. त्याने फ्ल्यूएलीत नवे लाकडी घर बांधले. ते घर आजही उभे आहे. पाच मुलगे आणि पाच मुली झाल्या. शेती चांगली चालली होती. गावाने त्याला परगण्याच्या मंडळावर पाठवले, न्यायाधीश केले. परगण्याचे प्रमुखपदही त्याला मिळू शकले असते, पण ते त्याने नाकारले. सरळ माणूस म्हणून त्याचा लौकिक होता. वरवर पाहता ह्या घरात काहीच कमी नव्हते.

आतून मात्र तो माणूस अस्वस्थ होता. वडीलमुलगा हान्स ह्याने पुढे दिलेली साक्ष आम्हांला फार बोलकी वाटते. तो सांगतो की वडील संध्याकाळी घरच्यांबरोबरच झोपायला जात, पण रात्री कधीही जाग आली तर ते उठून शेगडीच्या खोलीत प्रार्थना करीत असल्याचे ऐकू येई. दिवसा शेत आणि न्यायसभा, रात्री हे. न्यायदानाच्या कामात त्याने जे पाहिले त्याचाही त्याला वीट आला होता. लाच घेऊन श्रीमंताच्या बाजूने निवाडा देणाऱ्यांच्या तोंडातून ज्वाळा निघताना त्याला दिसल्या, असे सांगतात. शेवटी त्याने सर्व पदांचा राजीनामा दिला. राजीनाम्यानेही शांती मिळाली नाही, उलट दोन वर्षे मोठ्या निराशेची गेली. कुटुंब नकोसे वाटे, आवडती माणसेही भार वाटत. आजच्या काळात कुणी अशा माणसाला डॉक्टरकडे नेले असते, आणि ते चूकही ठरले नसते.

त्याला हात दिला तो एका मित्राने. क्रीन्स येथील धर्मगुरू हाइमो आमग्रुंड ह्यांनी त्याला एक साधी रीत शिकवली. दिवसाचे प्रार्थनेचे सात प्रहर ठरवून प्रत्येक प्रहरी येशूच्या दुःखसहनातील एकेका प्रसंगाचे चिंतन करायचे. निकोलसला ह्याने उभारी आली. पण एकांताची ओढ कमी होण्याऐवजी वाढतच गेली. एकदा गुरे पाहायला गेला असता त्याला दिसले की आपल्या तोंडातून एक पांढरे लिलीचे फूल उगवून आभाळाला भिडले आहे. तेवढ्यात त्याचा आवडता घोडा जवळून गेला, फूल खाली वाकले आणि घोड्याने ते खाऊन टाकले. आपली प्रार्थना आपली मालमत्ता खाऊन टाकते आहे, असा त्याने त्याचा अर्थ लावला.

मग त्याने डोरोथियाकडे विषय काढला.

हा संवाद कुणी लिहून ठेवलेला नाही. एवढे मात्र ठाऊक आहे की तिने लगेच होकार दिला नाही. ती नाही म्हणाली, तो थांबला, पुन्हा विचारले, ती पुन्हा नाही म्हणाली. असे बराच काळ चालले. ह्या काळात ती दहाव्यांदा गरोदर होती. १४६७च्या उन्हाळ्यात धाकटा मुलगा जन्मला. त्याचेही नाव निकोलस ठेवले. त्यानंतर केव्हातरी तिने संमती दिली. १६ ऑक्टोबर १४६७ रोजी, बाळ चार महिन्यांचेही नसताना, निकोलसने जाड कापडाचा लांब झगा घातला, हातात काठी घेतली आणि अनवाणी घराबाहेर पडला. तो झगा डोरोथियानेच आपल्या हाताने विणला होता, अशी परंपरा आहे. साक्सेल्नच्या चर्चमध्ये तो अजून जपून ठेवलेला आहे.

निकोलस पुढे आपल्यावर झालेल्या तीन मोठ्या कृपांचा उल्लेख करीत असे. त्यांतली पहिली म्हणजे पत्नी-मुलांची संमती, दुसरी म्हणजे परत जाण्याचा मोह कधीही न होणे. तिसरीविषयी पुढे सांगतो. पहिली कृपा संमतीची, हे लक्षात घेण्यासारखे आहे. तिच्यावाचून तो निघाला नसता, आणि ख्रिस्तसभेनेही त्याला आधार दिला नसता. वैवाहिक बंधन एकट्याने तोडता येत नाही. आजचा नियम तर अधिक कडक आहे: १९८३च्या धर्मसंहितेनुसार विवाह टिकून असेपर्यंत पती वा पत्नीला व्रतस्थ जीवनाच्या नवदीक्षेत वैधपणे घेताच येत नाही. म्हणजे हे चरित्र वाचून कुणी उद्या बॅग भरू लागला तर त्याला दारातूनच परत पाठवतील!

पण संमती म्हणजे नेमके काय, हा प्रश्न आम्हांला सतावतो. पंधराव्या शतकातली खेडवळ स्त्री, पदरी दहा मुले, नवरा दोन वर्षे आतून जळत असलेला. तिने हो म्हटले ते खरेच मनापासून की थकून? काही लोक म्हणतात की मोठे दोन मुलगे तोवर वयात आले होते, शेत सांभाळण्याजोगे होते, पैशाची चणचण नव्हती. त्यामुळे कुटुंब उघड्यावर पडले नाही. हे खरे आहे. हान्स वीस वर्षांचा होता आणि घराची जबाबदारी त्याने उचलली. तरी रात्री बाळ तापाने फणफणले तर उठायचे कुणी? त्याचे उत्तर शेती आणि धान्याच्या हिशेबात नाही.

इथे आम्हांला आपल्याकडच्या घरांची आठवण होते. आपल्याकडचे कितीतरी बाप वर्षानुवर्षे आखातात किंवा बोटीवर राहिले, मुलांचा पहिला ख्रिस्तशरीर संस्कार त्यांनी फोटोतच पाहिला. त्यांना आपण बेजबाबदार म्हटले नाही, उलट कर्तबगार म्हटले, कारण ते पैसे पाठवीत. देवासाठी गेलेल्या माणसाला मात्र आपण उलटतपासणी घेतल्याशिवाय सोडत नाही. दोन्ही गोष्टी सारख्या आहेत असे आमचे म्हणणे नाही. पण तुलना मनात आली ती लिहिली.

आता पुढची हकिकत. निकोलस उत्तरेकडे चालू लागला. आल्सास प्रांतात भक्तिमार्गी लोकांचे गट होते, त्यांच्यात मिसळावे, कुणालाही ठाऊक नसलेला परदेशी यात्रेकरू म्हणून आयुष्य काढावे, असा त्याचा बेत होता. लीस्टाल गावाजवळ पोहोचला तेव्हा ते सारे गाव त्याला आगीसारख्या लाल प्रकाशात दिसले. तो घाबरला. जवळच्या एका शेतकऱ्याला त्याने आपला बेत सांगितला, तर त्या भल्या माणसाने त्याला परत जायला सांगितले. देवाची सेवा आपल्या माणसांतही करता येते, आणि परक्या मुलखात स्विस लोक कुणाला फारसे आवडत नाहीत, असे त्याचे म्हणणे होते. त्या रात्री निकोलस कुंपणालगत उघड्यावर झोपला. झोपेत आकाशातून एक तेज उतरले आणि पोटात सुरीने कापल्यासारखी वेदना झाली. जणू दोरी बांधून कुणी त्याला घराच्या दिशेने ओढीत होते. सकाळी तो उलट पावली निघाला.

ह्या प्रसंगाचे आम्हांला विशेष वाटते. संत अंथनींपासून वाळवंटाकडे गेलेल्या अनेकांच्या कथा आपण ऐकतो. हा मात्र निघाला दूर जायला, आणि देवाने त्याला एका अनोळखी शेतकऱ्याच्या तोंडून माघारी पाठवले. त्याच्या बेतातला अविचाराचा भाग, म्हणजे दूर पळून जाणे, तिथेच गळून पडला.

परतल्यावर तो घरी मात्र गेला नाही. मेल्खच्या खोऱ्यातील आपल्याच एका कुरणात तो लपून राहिला. आठेक दिवसांनी शिकाऱ्यांना तो सापडला. अन्नपाण्याविना झाडाखाली बसलेला. बातमी पसरली, लोक पाहायला येऊ लागले, तेव्हा त्याने दुसरी जागा शोधली: रान्फ्ट नावाची खोल दरी. मेल्खा नदी तिच्या तळातून खळाळत जाते. आणि ही दरी कुठे आहे? त्याच्या घराच्या अगदी खाली, काही मिनिटांच्या अंतरावर. घंटा वाजली तर घरी ऐकू यावी इतकी जवळ.

पहिला हिवाळा त्याने फांद्यांच्या आडोशात काढला. १४६८ साली शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मिळून त्याच्यासाठी लहानसे चॅपल आणि त्याला लागून लाकडी खोली बांधली. छत इतके खाली की उंच माणसाला ताठ उभे राहणे कठीण. एक खिडकी चॅपलच्या वेदीकडे उघडणारी, एक बाहेर लोकांकडे. झोपायला फळी. ज्या गावाला त्याने सोडले होते त्याच गावाने त्याचे घर बांधून द्यावे, ही गोष्ट आम्ही पुन्हा पुन्हा वाचली.

तिसरी कृपा म्हणजे त्याचा उपवास. तो गेल्यापासून मरेपर्यंत, म्हणजे साडेएकोणीस वर्षे, त्याने पवित्र ख्रिस्तशरीराखेरीज काही खाल्ले-प्यायले नाही, असे त्याच्या समकालीनांनी नोंदवले आहे. लोक तेव्हाही भोळे नव्हते. परगण्याच्या सरकारने दरीभोवती महिनाभर पहारा बसवला, कुणी चोरून अन्न आणून देते का पाहायला. काही सापडले नाही. कॉन्स्टन्सचे साहाय्यक बिशप १४६९ साली चॅपलचे पवित्रीकरण करायला आले, तेव्हा त्यांनी त्याची परीक्षा घेतली. ख्रिस्ती माणसाला सर्वांत श्रेष्ठ सद्गुण कोणता, असे विचारले. तो आज्ञापालन म्हणाला, तर बिशपनी लगेच त्याच्यापुढे पाव ठेवून खाण्याची आज्ञा केली! त्याने घास घेतला, पण तो घशाखाली उतरेना, जीव कासावीस झाला. बिशपनी माफी मागितली. ह्या उपवासाबद्दल स्वतः निकोलस फार बोलत नसे. आम्हीही इथे अधिक बोलत नाही. फक्त एवढेच की प्रायश्चित्त काळात उत्साहाच्या भरात कुणी ह्याचे अनुकरण करू नये. तो स्वतः कुणालाही तसे करायला सांगत नव्हता.

एकांतात बसलेल्या ह्या माणसाकडे आता रीघ लागली. शेतकरी आपली भांडणे घेऊन येत, राजेरजवाड्यांचे दूत राजकारण घेऊन येत. १४७४ साली हाले शहरातील हान्स फॉन वाल्डहाइम नावाचा एक प्रवासी आला. त्याने लिहून ठेवलेल्या वर्णनात एक दृश्य आहे जे सहसा चरित्रांत येत नाही. त्याची गाठ रान्फ्टमध्ये डोरोथियाशी पडली. ती दिसायला चाळिशीच्या आतली, चेहरा अजून तरुण, सोबत सर्वांत धाकटा मुलगा, सात वर्षांचा, चेहऱ्याने हुबेहूब बापासारखा. म्हणजे ती येत होती. मुलाला बाप पाहता येत होता. घर तुटले नव्हते, त्याचा आकार बदलला होता. आम्हांला वाटते, निकोलसचा बचाव करायचा असेल तर ह्या एका प्रवाशाच्या नोंदीइतका चांगला पुरावा दुसरा नाही. आणि डोरोथियाने काय गमावले हेही त्याच नोंदीत दिसते. चाळिशीतली स्त्री, नवरा जिवंत, काही मिनिटांच्या अंतरावर, आणि तरीही नाही.

त्याला वाचता येत नसे, म्हणून चिंतनासाठी त्याच्याजवळ एक चित्र होते, चाकासारखे, मध्यातून निघणारे आणि मध्याकडे परत येणारे आरे असलेले. हेच आपले पुस्तक, असे तो पाहुण्यांना सांगे.

१४८१ साली ह्या दरीतल्या माणसाची देशाला गरज पडली. बर्गंडीच्या सरदाराविरुद्धची युद्धे स्विस परगण्यांनी जिंकली होती आणि आता लुटीच्या वाटणीवरून त्यांचे आपसात बिनसले होते. फ्रायबुर्ग आणि झोलोथुर्न ही दोन शहरे संघात येऊ पाहत होती. शहरी परगण्यांना ती हवी होती, ग्रामीण परगण्यांना भीती की शहरांचे पारडे जड होईल. डिसेंबरमध्ये श्टान्स येथे सभा भरली आणि मोडली. प्रतिनिधी घरी निघायच्या तयारीत होते. पुढची पायरी यादवी युद्धाची होती. २१ डिसेंबरच्या रात्री श्टान्सचे धर्मगुरू, म्हणजे तेच जुने मित्र हाइमो आमग्रुंड, अंधारात थंडीतून चालत रान्फ्टला गेले. निकोलसशी बोलून ते सकाळी घामाने निथळत परत आले. मुक्कामाच्या घराघरांत जाऊन त्यांनी प्रतिनिधींना हातापाया पडून पुन्हा एकत्र बसवले आणि निकोलसचा निरोप बंद दाराआड सांगितला. तो निरोप काय होता हे कुणी लिहून ठेवलेले नाही. काही तासांत करार झाला. दोन्ही शहरांना संघात घेतले गेले. २२ डिसेंबरला गावोगावच्या चर्चच्या घंटा वाजल्या.

सैन्यात लढलेला, न्यायसभेत बसलेला, माणसांचा लोभ जवळून पाहिलेला असा तो होता. म्हणूनच त्याचा सल्ला पटला असावा. नुसता जन्मभर गुहेत बसलेला असता तर लुटीच्या वाटणीवर त्याला कुणी विचारले असते का? दुसऱ्या बाजूने, तो मंडळाचा सभासद म्हणून त्या खुर्चीत बसलेला असता तर दोनांपैकी एका पक्षाचा ठरला असता. दरीतल्या माणसाला काही मिळवायचे नव्हते.

पुढच्या वर्षी बर्नच्या सरकारने चॅपलसाठी देणगी पाठवली, तेव्हा निकोलसने आभाराचे पत्र लिहून घेतले. ते पत्र आजही उपलब्ध आहे. त्यात त्याने शांती राखायला सांगितले आणि विधवा व अनाथांचे रक्षण करायला सांगितले. हे शब्द सांगताना त्याला वरच्या घराची आठवण झाली असेल का? आम्हांला वाटते, झाली असेल.

२१ मार्च १४८७ रोजी, सत्तर वर्षांचा असताना, आठ दिवसांच्या तीव्र दुखण्यानंतर त्याने रान्फ्टच्या खोलीत प्राण सोडला. पत्नी आणि मुले जवळ होती असे परंपरा सांगते. पुढच्याच वर्षी, १४८८ साली, साक्सेल्नच्या धर्मग्रामाने त्याला ओळखणाऱ्यांच्या साक्षी चर्चच्या वहीत नोंदवून घेतल्या; त्या साक्षीदारांत त्याचे दोन मोठे मुलगे आहेत. सोडून गेलेल्या बापाविषयी कडू बोलण्याची ही संधी होती. त्यांनी तसे काही सांगितले नाही. दोघेही पुढे परगण्याचे प्रमुख झाले, बापाने नाकारलेले पद. आणि जे बाळ चार महिन्यांचेही नव्हते ते शिकून धर्मगुरू झाले.

१६४९ साली रोमने त्याच्या भक्तीला मान्यता दिली आणि १५ मे १९४७ रोजी पोप पायस बारावे ह्यांनी त्याला संत म्हणून घोषित केले. दुसरे महायुद्ध संपून दोन वर्षे झाली होती, आणि युद्धातून वाचलेला तो छोटा देश मोठ्या संख्येने रोमला गेला होता. १९८४ साली पोप जॉन पॉल दुसरे फ्ल्यूएलीला आले, तेव्हा त्यांनी डोरोथियाचीही आवर्जून आठवण काढली. पाच शतके तिचे नाव नवऱ्याच्या चरित्रातल्या एका वाक्यापुरते होते. अलीकडे तिथले यात्रेकरू दोघांचीही नावे घेऊ लागले आहेत.

त्यांच्या घरापासून रान्फ्टच्या चॅपलपर्यंत जी उताराची पायवाट जाते, ती यात्रेकरू आज शांतपणे चालतात. उतरताना गुडघ्यांवर ताण येतो, चढताना दम लागतो. डोरोथियाने कडेवर मूल घेऊन ती किती वेळा चढली असेल, ते कुठल्या वहीत लिहिलेले नाही.